एक ओळ वरची, एक ओळ खालची

वीस एप्रिल, शनिवार. परवा भिजवून फडक्यात बांधलेल्या वालांना चांगले मोड आले आहेत, ते कोमट पाण्यात टाकून सोलायला बसले आहे. हे काम मला आवडतं, कारण हात गुंतलेले असतात आणि कोणी दुसरं काम सांगू शकत नाही. पण मघाशी अनघाचा फोन आला आणि ओल्या हातानेच उठावं लागलं. अनघा ही माझ्या धाकट्या बहिणीची, शकूची मुलगी. तिच्या लेकीला कावीळ झाली आहे, डॉक्टरांनी शाळा बंद केली आहे, आणि मुलगी घरात बसून आईचं डोकं खाते आहे. अनघाने विचारलं, "मावशी, हिला रोज पुस्तकातलं उतरवायला लावू, की मनाचं लिहू देऊ? आई म्हणते, ताईला विचार, तिने मला खाटेवर शिकवलंय." मी म्हटलं, दोन्ही कर, आणि एकाच पाटीवर कर. "म्हणजे कसं?" असं तिने विचारलं. फोनवर एवढं सांगता येत नाही, पैसे पडतात. म्हणून वाल सोलून झाले की लिहून ठेवायचं ठरवलं.

तेव्हा आम्ही बोईसरला भाताच्या गिरणीच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. मूळचे आम्ही एडवणचे, पण तारापूरला मोठं बांधकाम सुरू झालं आणि भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथल्या स्टोअरमध्ये काम मिळालं. ते आठवडाभर तिकडेच राहत आणि शनिवारी संध्याकाळी मालाच्या ट्रकमधून किंवा मिळेल त्या सायकलवरून घरी येत. आई घरात शिवणाचं मशीन चालवायची. आसपास बायका नव्याने राहायला येत होत्या, त्यामुळे चोळ्या-ब्लाउजना तोटा नव्हता. मी पालघरच्या शाळेतून मॅट्रिक होऊन घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या मुलीला जे काही करावं लागतं ते सगळं करत होते. सकाळी गिरणी सुरू झाली की आमच्या भिंतीला टेकवलेली भांडी किणकिणायला लागत. पट्ट्याचा फटक-फटक आवाज दिवसभर चाले, आणि कोंड्याची बारीक भुकटी दारातून, खिडकीतून, फटीतून येऊन भातावर, अंथरुणावर, मशीनच्या तेलावर बसे. गिरणी बंद झाली की आम्ही सगळे थोडा वेळ उगाच मोठ्याने बोलत असू.

शकू माझ्याहून बरीच लहान. पहिलीत नाव घालायच्या वेळी तिच्या कमरेच्या हाडात दुखणं निघालं. मुंबईला नेऊन कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, फळ्यांच्या खाटेवर उताणी ठेवा, हलवू नका. किती दिवस ते सांगितलं नाही, आणि भाऊंनीही विचारलं नाही. प्रत्येक वेळी दाखवायला नेलं की ते जुनं कापून नवं घालायचे. गिरणीवाल्यांनी आम्हांला साध्या लाकडाची जाड खाट दिली. ती खिडकीशी लावली आणि शकू तिच्यावर झोपून राहिली. आतून खाज सुटली की आईची विणायची सुई प्लास्टरमध्ये घालून खाजवायची, हा तिचा मोठा उद्योग. गिरणीवाल्यांची कमल तिच्याच वयाची. ती शाळेत जाताना खिडकीशी यायची आणि येतानाही यायची. येताना रोज काहीतरी नवीन शिकून आलेली असायची, आणि ते सांगितल्याशिवाय जायची नाही.

भाऊंचं अक्षर फार चांगलं होतं. त्या अक्षरावरच त्यांना स्टोअरचं काम मिळालं, असं ते सांगत. तिथल्या सगळ्या फळ्यांवर, डब्यांवर, बोल्ट-वायसरच्या खणांवर त्यांच्याच हाताच्या चिठ्ठ्या होत्या. त्यामुळे शकूच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "आधी अक्षर. बाकीचं मागून येईल." त्यांनी एक मोठी पाटी आणली. झोपलेल्या मुलीला दौत-टाक देणं शक्यच नव्हतं, सगळी शाई नाकात गेली असती. पाटीच्या एका बाजूवर त्यांनी खिळ्याने ओळी आखल्या. आणि दर शनिवारी ते मोडलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन येत आणि त्यांच्यावर रविवारी सकाळी वळणदार अक्षरात एकेक वाक्य लिहीत. 'सकाळी लवकर उठावे.' 'झाडे आपल्याला सावली देतात.' 'शेजाऱ्यांशी प्रेमाने वागावे.' एक पट्टी एका दिवसाची. ती समोर टेकवायची आणि पाटी भरेपर्यंत शकूने तेच वाक्य गिरवायचं. मी वरून लक्ष ठेवायचं.

शकूने गिरवलं. पाटी छातीवर उभी धरून, पेन्सिलीची पूड डोळ्यांत जाते म्हणून डोळे अर्धे मिटून, तिने इतकं गिरवलं की पावसाळा संपेपर्यंत तिचं अक्षर भाऊंच्या अक्षरासारखं झालं. भाऊ खूश झाले. ट्रकवाल्यालासुद्धा बोलावून पाटी दाखवली. तो म्हणाला, "क्या बात है, ये तो छापा है छापा!" मलाही वाटलं, काम झालं. मग एक दिवस मी पाटी पुसायला घेतली आणि पाहते तर 'नेहमी स्वच्छ राहावे' या वाक्याच्या शेवटी, प्रत्येक ओळीत, एक छत्री काढलेली. छत्रीच्या पुढे काही इंग्रजी अक्षरं, तीही अगदी वळणदार. पट्टीकडे पाहिलं तर खोक्यावरची 'भिजू देऊ नका'ची छापील खूण तशीच राहिलेली, भाऊंनी तिच्या अलीकडेपर्यंत लिहिलेलं.

"शकू, ही छत्री कशाला?"

"तिथे हाय ना."

"आणि हे काय लिहिलंयस? वाच."

तिने पट्टीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "वाचायचं पण असतं?"

मी हसले नाही, कारण ती चेष्टा करत नव्हती. पट्ट्या आलटूनपालटून दाखवल्या. अक्षरं तिला सुटी येत होती, पण वाक्य म्हणजे कोणीतरी काहीतरी सांगतं आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. ती चित्र काढत होती, महिनोन्महिने. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पट्ट्या फडताळात टाकल्या आणि कोरी पाटी तिच्या हातात दिली. "आज गिरवायचं नाही. तुला काय वाटेल ते लिही." मला वाटलं, ही दिवसभर बडबडते, खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला नावं ठेवते, पाटी पुरायची नाही हिला. पण तिने 'मी' एवढं लिहिलं आणि थांबली. दुपारी पाहिलं तरी 'मी'च. संध्याकाळी ती रडायला लागली. "ताई, पट्टी दे. मला काय लिवायचं ते माहीत नाय."

आई मशीनवर होती. ती कोणाला शिकवायला गेली नाही कधी, पण समोर चाललेलं तिला दिसत होतं. म्हणाली, "मंदे, नवीन चोळी बेततात तर खाली अंगाची जुनी चोळी ठेवतात. नुसत्या कापडावर कातर चालवशील तर कुठे जाईल?"

"पण जुनीच चोळी किती दिवस शिवायची?"

"ते मी कुठे म्हटलं? खाली ठेवायची म्हटलं."

मला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मी पाटीच्या ओळी वाटून दिल्या. पहिली ओळ पट्टीची, म्हणजे भाऊंची. ती तशीच्या तशी उतरवायची, काना-मात्रेसकट. पण उतरवायच्या आधी मोठ्याने वाचायची. तिच्या खालची ओळ शकूची. त्या ओळीत वरच्या वाक्यातला एक तरी शब्द आला पाहिजे, पुढे तिला हवं ते. मग पुन्हा भाऊंची ओळ, पुन्हा तिची. वरच्या ओळीत चूक झाली तर मी पुसायला लावत असे. खालच्या ओळीला मी हात लावत नसे, 'नाय' लिहिलं तरी. पहिले काही दिवस खालच्या ओळी अगदी लंगड्या होत्या. 'झाडे सावली देतात' खाली 'झाड मोठे आहे', असं काहीतरी. मग एक दिवस तिने लिहिलं: 'आमच्या खिडकीत झाड नाय. गिरणीची सावली येते, ती पण उशिरा.'

तिथून गाडी सुटली. 'सकाळी लवकर उठावे'च्या खाली आलं, 'मी उठत नाय, आई मला उचलते.' 'गाय दूध देते'च्या खाली, 'गवळी पाणी देतो.' 'शेजाऱ्यांशी प्रेमाने वागावे'च्या खाली तिने ओळीची शिस्त मोडून तीन ओळी लिहिल्या, कारण आमच्या शेजारच्या खोलीत बांधकामावरचे उत्तरेकडचे लोक राहत होते: 'शेजारी हिंदी बोलतात. त्यांच्याकडे डाळीच्या फोडणीचा वास येतो, आमच्याकडे सुक्या बोंबलाचा. दोघेही खिडकी लावतात.' हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा तिचं पाऊल मशीनच्या पायडलवर थांबलं. मग ती उठली, वालाचं बिरडं केलं होतं ते वाटीभर घेऊन शेजारी देऊन आली. येताना वाटी डाळीने भरून आणली. त्या दिवसापासून दोन्ही खिडक्या उघड्या राहिल्या, आणि वासाबद्दल कोणी बोललं नाही.

तारापूरच्या बाजूने हिरामावशी सुकं घेऊन यायची. बोंबील, सुकट, कधी मांदेलीची टोपली. दारात बसून ती आधी पाणी प्यायची, मग शकूच्या ओळी ऐकायची. वाचता येत नसल्यामुळे तिला शकूच वाचून दाखवायची, वरची आणि खालची दोन्ही. वरची ओळ आली की हिरामावशी जांभई द्यायची. "ती बापाची ऱ्हाऊं दे गो. तुजी सांग." एकदा वरची ओळ होती, 'मासे पाण्यात राहतात.' खालची होती, 'हिरामावशीचे मासे टोपलीत राहतात आणि ती दर जास्त सांगते.' हिरामावशी उठलीच. "ए मंदा, ही पोर लिवायला शिकली का मना बदनाम करायला? घे, आता तुज्या आयेला सुकट नाय देत." आणि नेहमीपेक्षा मूठभर जास्तच टाकून गेली, वर म्हणाली, "पुढल्या खेपेला चांगलं लिव. मना सांगायचंय चार बायांना."

भाऊंना मात्र हे पटलं नाही. शनिवारी येऊन ते पाटी घेऊन बसत. वरच्या ओळी पाहून मान हलवत, खालच्या पाहून कपाळाला आठ्या घालत. 'खोटे बोलू नये' या त्यांच्या ओळीखाली शकूने लिहिलं होतं, 'भाऊ डॉक्टरांना सांगतात, मुलगी रडत नाय.' त्यांनी पाटी मांडीवर पालथी घातली. मग मला म्हणाले, "हा काय बाष्कळपणा आहे? कित्त्याच्या ओळीखाली असलं लिहायचं असतं?"

"तुमची ओळ वर हाय ना?" आई मशीनवरून म्हणाली. "मग? खालचं तिचं."

भाऊंनी नुसती पाटी शकूला परत दिली. पण पुढच्या आठवड्याच्या पट्ट्यांमध्ये उपदेश कमी झाला होता. 'तारापूरच्या किनाऱ्यावर जुना किल्ला आहे.' 'स्टोअरमध्ये एका उंदराने दोरखंड कुरतडला.' असं तेही लिहायला लागले. आता कळतं की त्यांनाही कोणाला तरी काही सांगायचं होतं, आणि ते आठवडाभर बोल्टांच्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

शेवटी एका उन्हाळ्यात प्लास्टर निघालं ते पुन्हा घातलं नाही. डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आणि थोडा आखूड राहिला. काठी घेऊन ती आधी खाटेभोवती, मग दारापर्यंत, मग गिरणीच्या अंगणात चालायला लागली. जून आला. कमल तिसरीत जाणार होती. शकूने पहिली-दुसरी पाहिलीच नव्हती, पण तिला वाचता येत होतं, लिहिता येत होतं, बेरीज-वजाबाकी मी करून घेतली होती. भाऊ म्हणाले, गुरुजी परीक्षा घेतात, तिसरीत बसवतील. शकूने मला रात्री विचारलं, "नाय बसवली तर?"

"तर पहिलीत."

"बाळांबरोबर?" ती म्हणाली. "ताई, पहिलीत बसवली ना, तर मी परत खाटेवर येऊन झोपेन. कोणी उठवलं तरी उठणार नाय." ती ओरडून बोलली नाही. सांगून ठेवल्यासारखं बोलली, आणि ती बोलते तसं करते हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता ही जितकी चालेल तितका पाय सुधारेल, झोपून राहिली तर राहील तसाच. त्यामुळे तिसरी की पहिली हा प्रश्न आमच्या घरात नुसता इयत्तेचा राहिला नाही.

शाळा जवळ होती, पण तिच्या चालीने वेळ लागला. गुरुजी एकटेच दोन वर्ग पाहत होते. मधल्या दारात उभं राहून एका हाताने एका वर्गाला गप्प करायचं आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या वर्गाला. मुलं वाढत होती. रोज कोणीतरी नवीन कामगार मुलाला हात धरून आणून सोडत होता, त्यांतल्या काहींना मराठी येतच नव्हतं. मी हे आज सांगते आहे, कारण पुढे मीही शिक्षिका झाले आणि तशाच मधल्या दारात उभी राहिले. तेव्हा मला फक्त त्यांची छडी दिसली होती. त्यांनी शकूला पुस्तक वाचायला लावलं, तिने खडाखड वाचलं. हिशेब दिले, केले. मग म्हणाले, "छान. आता या पानावरच्या पाच ओळी उतरवून दाखव," आणि बाजूच्या वर्गात कोणीतरी कोणाला तरी मारत होतं तिकडे गेले.

मी दाराबाहेर होते. शकू पाटीवर वाकून मनापासून लिहीत होती. मला समाधान वाटलं, कारण उतरवण्यात तिचा हात कोणी धरला नसता. गुरुजी आले, पाटी उचलली, आणि त्यांचा चेहरा बदलला. ते मोठ्याने वाचायला लागले. "'आमची शाळा छान आहे.' बरोबर. 'मी ती रस्त्यावरून पाहिली आहे.' हे कुठे आहे पुस्तकात? 'शाळेसमोर मोठे मैदान आहे.' 'मैदानात आज म्हशी बसल्या आहेत.' 'गुरुजी मुलांवर प्रेम करतात.'" इथे ते थांबले, पण खालची ओळ खिडकीत लटकलेल्या एका मुलाने वाचून टाकली: "'गुरुजींच्या हातात छडी आहे!'"

दोन्ही वर्ग हसले. मैदानातल्या म्हशींनी माना वर केल्या असतील इतके हसले. शकूचे कान लाल झाले. काय चुकलं ते तिला समजलं नव्हतं. तिला उतरवायला सांगितलं होतं, आणि आमच्या घरी उतरवणं म्हणजे हेच होतं: एक ओळ पुस्तकाची, एक ओळ आपली.

"गुरुजी, आमच्या घरी तशी पद्धत आहे," मी आत जाऊन म्हटलं. "मी तिला तसंच शिकवलं."

"घरची पद्धत घरी," गुरुजी म्हणाले. ते रागावले होते, पण माझ्यावर किंवा तिच्यावर जेवढे, त्याहून जास्त त्या हसण्यावर. ते थांबवायला आता त्यांना तासभर लागणार होता. "बाई, माझ्याकडे इतकी मुलं आहेत. सांगितलेलं जसंच्या तसं करणारं मूल तिसरीत लागतं मला. एकेकाच्या मनातलं पाहायला लागलो तर पाढे कधी घेऊ? हिला पहिलीत बसवा, वळण लागेल."

"वळण आहे तिला. अक्षर पाहा."

त्यांनी पाहिलं. अक्षराने ते जरा नरमले, हे दिसलं. "उद्या प्रार्थनेच्या आधी आणा," ते म्हणाले. "दहा ओळी देईन. एक शब्द इकडेतिकडे चालणार नाही. नाही जमलं तर पहिली."

घरी येताना शकू काठी रस्त्यावर आपटत चालली. घरी आल्यावर खाटेवर जाऊन बसली, झोपली मात्र नाही. मी पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, चल, दहा ओळी, सलग. तिने पहिली ओळ लिहिली. हात थांबला. दुसरी लिहायला गेली ती पहिलीच्या इतकी जवळ चिकटवली की वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकले. पुसलं. पुन्हा तेच. एक ओळ झाली की तिचा हात आपोआप थांबे, जणू आता दुसऱ्या कोणाची पाळी आहे. तिसऱ्यांदा पुसताना ती म्हणाली, "ताई, हे लोक माझ्या ओळीला हसले."

"छडी खरी होती की खोटी?"

"खरी."

"म्हणून हसले. खोटी असती तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. "मग उद्या माझी ओळ कुठे लिवू?"

"कुठेच नाही. उद्या फक्त त्यांची."

"मग मी पहिलीत जाते," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नाय, पहिलीत तर नुसता अ-आ असेल." आई तिकडून हसली. मला हसायला वेळ नव्हता. पाटीकडे बघताना एवढं समजलं की ही अडून बसलेली नाही, हिचा हात तसा बसला आहे, आणि एका संध्याकाळीत तो मोडता येणार नाही. मोडायचा मला हक्कही नव्हता. मी म्हटलं, "असं कर. मधली ओळ लिहू नको. पण सोड. त्यांची लिही, मधली रिकामी ठेव, पुढची त्यांची लिही."

तिने पेन्सिल मधल्या ओळीवर धरली. "रिकामी ठेवली तर ती माझीच ना?"

"तुझीच. कोणी काही लिहिणार नाही तिच्यात."

मग तिने दहा ओळी उतरवल्या. पाटीची आखलेली बाजू अर्ध्यातच संपली, म्हणून उलटून मागची बाजू घेतली. तिथे रेघा नव्हत्या, तरी ओळी जवळजवळ सरळ गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन गेले. गुरुजींनी कालच्यापेक्षा कठीण पान दिलं, जोडाक्षरांचं, आणि आज ते बाजूच्या वर्गात गेले नाहीत, समोर उभे राहिले. छडी टेबलावर ठेवली होती. शकू लिहीत गेली, प्रत्येक ओळीनंतर पेन्सिल उचलून थोडी थांबत. कागदावरून बोट फिरवावं तशी रिकाम्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे तिची नजर जायची, आणि मग ती पुढची ओळ घ्यायची. पाटी उलटली, संपवली, दिली. गुरुजींनी पुस्तक शेजारी धरून शब्द न् शब्द ताडून पाहिला. दोन्ही बाजू पाहिल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मधल्या ओळी का सोडल्यास? पाटी पुरली नाही बघ."

शकू म्हणाली, "त्या माझ्या आहेत. घरी भरणार."

"घरी जाईपर्यंत पाटी पुसली जाईल."

"तुमचं पुसलं जाईल," शकू म्हणाली. "माझं अजून लिवलंच नाय."

वर्गात कोणी हसलं नाही, कारण गुरुजी हसले नव्हते. त्यांनी पाटी तिच्या हातात परत दिली. मग तिच्या पायाकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं, आणि कमलच्या शेजारी बसलेल्या मुलाला उठवून मागे पाठवलं. "इथे भिंतीशी बस," ते शकूला म्हणाले. "पाय लांब करता येईल. मधल्या ओळी सोडायच्या असतील तर सोड, पण दोन्ही बाजूंनी भरत जा, माझ्याकडे जास्त पाट्या नाहीत." आणि मला म्हणाले, "तुम्ही जा आता, प्रार्थना व्हायची आहे."

मी घरी आले. गिरणी सुरू झाली होती. आईने पाय न थांबवता डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तिसरी." तिने मान हलवली आणि शिवण पुढे सरकवली. रात्रभर पाऊस पडून गेला होता, पण आता चांगलं ऊन होतं, आणि असं ऊन जूनमध्ये वाया घालवत नाहीत. मी दोन पातेली पाणी चुलीवर ठेवलं, आता दिवसभर लागणार नव्हतं ते शकूचं अंथरूण गुंडाळलं, आणि शेजारच्या माणसाला हाक मारून त्याच्या मदतीने ती खाट दारातून आडवी काढून गिरणीच्या अंगणात उभी केली. मग उकळतं पाणी तिच्या सांध्यासांध्यांत ओतलं. बरेच ढेकूण निघाले.